शैक्षणिक गैरप्रकार आणि भ्रष्टाचार

परीक्षा, प्रवेश किंवा संशोधन यांत नियम मोडून लाभ मिळवणे यास शैक्षणिक गैरप्रकार असे म्हणतात. कॉपी करणे, तोतया परीक्षार्थी बसवणे, प्रश्नपत्रिका फोडणे, पैसे देऊन गुण वाढवून घेणे आणि वाङ्मयचौर्य हे त्याचे प्रमुख प्रकार होत. एकट्या विद्यार्थ्याने केलेली कॉपी सामान्यतः शिस्तभंग मानली जाते. पर्यवेक्षक किंवा अधिकारी मोबदला घेऊन आपल्या पदाचा वापर त्यासाठी करतात, तेव्हा तो भ्रष्टाचार ठरतो.

परस्परसंबंध

हा संबंध दोन्ही बाजूंनी असतो. लाच देऊन काम होते असा अनुभव सर्वत्र येत असल्यास परीक्षेतील गैरप्रकाराबद्दलचा संकोच कमी होतो. उलट, गैरमार्गाने पदवी वा नोकरी मिळवलेली व्यक्ती पुढे त्याच व्यवस्थेत अधिकारपदावर बसते. पदासाठी दिलेली रक्कम वसूल करण्याची प्रवृत्तीही त्यातून निर्माण होऊ शकते. जागा मर्यादित असल्याने प्रत्येक गैरप्रवेशामुळे एका पात्र उमेदवाराची संधी जाते; त्या उमेदवाराला ते बहुधा कळतही नाही.

संशोधन

सायमन गेश्टर आणि जोनाथन शुल्झ यांनी २३ देशांतील तरुणांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहभागींनी एकांतात फासा टाकून पडलेला आकडा स्वतः सांगायचा होता व त्यानुसार त्यांना पैसे मिळत. भ्रष्टाचार, करचुकवेगिरी आणि राजकीय गैरव्यवहार अधिक असलेल्या देशांत आकडे फुगवून सांगण्याचे प्रमाण अधिक आढळले. रेमा हॅना आणि शिंग-यी वांग यांनी बंगळूर येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या अशाच प्रयोगात, अप्रामाणिक वागणाऱ्यांचा कल सरकारी नोकरीकडे अधिक दिसला. डेन्मार्कमधील अभ्यासात मात्र प्रामाणिक विद्यार्थ्यांनाच सार्वजनिक सेवा अधिक पसंत असल्याचे आढळले. त्यामुळे हा कल सर्व समाजांत सारखा नसतो, असे दिसते.

भारतातील उदाहरणे

मध्य प्रदेशातील व्यापम घोटाळा २०१३ मध्ये मोठ्या प्रमाणावर उघडकीस आला. व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या वैद्यकीय प्रवेश व नोकरभरती परीक्षांत तोतया उमेदवार बसवणे, बैठक व्यवस्था बदलणे आणि उत्तरपत्रिकांत फेरफार करणे असे प्रकार त्यात आढळले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. २०१७ मध्ये याच न्यायालयाने ६०० हून अधिक विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला.

महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षेतील (टीईटी) गुणवाढीचे प्रकरण डिसेंबर २०२१ मध्ये समोर आले. २०२२ मध्ये ७,००० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. इतरांच्या परीक्षा घेणाऱ्या शिक्षकांचीच ही पात्रता परीक्षा असल्याने हे प्रकरण विशेष गंभीर मानले गेले.

कायदे

महाराष्ट्रात विद्यापीठ, मंडळ व इतर विनिर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा अधिनियम १९८२ पासून आहे. केंद्राचा सार्वजनिक परीक्षा (अनुचित साधनांना प्रतिबंध) अधिनियम जून २०२४ मध्ये लागू झाला. संघटित गुन्ह्यासाठी त्यात ५ ते १० वर्षे कारावास आणि किमान १ कोटी रुपये दंडाची तरतूद आहे. या केंद्रीय कायद्याचा रोख गैरप्रकारांचा व्यवसाय करणाऱ्यांवर आहे. परीक्षार्थींवरील कारवाई परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार होते.