अस्थिर बिनतारी इंटरनेट जोडणी : दोषस्थान निश्चित करण्याची पद्धत

सारांश

संगणकाची बिनतारी इंटरनेट जोडणी पूर्णपणे बंद पडली, तर तिच्यातील दोष शोधणे तुलनेने सोपे असते. ती मधूनमधून तुटते तेव्हा मात्र दोष हाती लागत नाही आणि उपाय अंदाजाने योजले जातात. प्रस्तुत लेखात या जोडणीचे चार दुवे वेगळे करून त्यांपैकी नेमका कोणता दुवा निखळतो, हे साध्या चाचण्यांनी व नोंदींनी ठरविण्याची पद्धत मांडली आहे. संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही ती कोणत्याही विशेष साधनाविना अवलंबिता येईल.

बीजसंज्ञा : बिनतारी जाळे, राउटर, वारंवारता, व्यत्यय, दोषनिवारण

१. प्रस्तावना

२०२० नंतर महाविद्यालयीन जीवनात इंटरनेटचे स्थान बदलले. पूर्वी ते संदर्भ शोधण्याचे साधन होते. आता उजळणी वर्गातील उपस्थिती, पीएच.डी.ची मौखिक परीक्षा, प्रवेशप्रक्रिया आणि मूल्यांकनाचे अहवाल या सर्वांचा भार त्याच्यावर पडला आहे. त्यामुळे जोडणी तुटण्याचे परिणामही बदलले आहेत. दूरदृश्य माध्यमातून चाललेल्या मौखिक परीक्षेत जोडणी वीस सेकंदांसाठी गेली, तर पलीकडच्या परीक्षकाला एवढेच दिसते, की विद्यार्थी उत्तराच्या मध्येच थांबला. दोष यंत्राचा असतो. त्याची किंमत मात्र माणसाला मोजावी लागते.

अशा वेळी सामान्यतः राउटर बंद करून पुन्हा सुरू केला जातो. त्याने थोडा वेळ बरे वाटते. दोष पुन्हा उद्भवला की सेवादात्याकडे तक्रार जाते, आणि शेवटी नवा राउटर खरेदी करण्याचा प्रस्ताव पुढे येतो. या सर्व प्रवासात दोष नेमका कोठे आहे, हा प्रश्न विचारलाच जात नाही. अस्थिर जोडणीचा दोष दवाखान्यात पोचेपर्यंत उतरणाऱ्या तापासारखा असतो. तपासणीच्या क्षणी तो नसतो. म्हणून वैद्य ज्याप्रमाणे तापाचा तक्ता मागतो, त्याप्रमाणे येथेही नोंद हेच मुख्य साधन ठरते. उपाय करण्यापूर्वी दोषाचे स्थान निश्चित करावे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. जोडणीचे चार दुवे

संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडते तेव्हा चार दुवे एकाच वेळी कार्यरत असतात. पहिला दुवा म्हणजे संगणक स्वतः : त्यातील बिनतारी कार्ड, ते चालविणारा ड्रायव्हर आणि वीज वाचविण्याची व्यवस्था. दुसरा, संगणक व राउटर यांच्यामधील हवेतील रेडिओ-दुवा. तिसरा, राउटरपासून सेवादात्यापर्यंत जाणारी तार आणि त्यापुढील जाळे. चौथा, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकीय पत्ता शोधून देणारी नामसेवा, म्हणजेच डीएनएस.

पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या वायफायच्या रेषा केवळ दुसऱ्या दुव्याची स्थिती सांगतात. रेषा पूर्ण असूनही इंटरनेट चालत नाही, यात म्हणूनच काही विसंगती नाही. राउटरशी संपर्क उत्तम आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो; राउटरच्या पलीकडे काय घडत आहे, याविषयी त्या रेषा मौन बाळगतात.

३. रेडिओ-दुव्याचे स्वरूप

बिनतारी जाळ्याचे ८०२.११ हे मूळ मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९९९, २००३, २००९, २०१३ आणि २०२१ या वर्षी त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या व वेग वाढत गेला. मूलभूत मर्यादा मात्र कायम राहिली : हवा हे सामायिक माध्यम आहे. एका वाहिनीवर एका वेळी एकाच उपकरणाने बोलावे आणि इतरांनी थांबावे, असा नियम असतो. दोन संदेश एकमेकांवर आदळले किंवा गोंगाटात हरवले, तर ते पुन्हा पाठविले जातात. असे वारंवार घडू लागले की वेग मंदावतो आणि अखेरीस जोडणी तुटते.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यामुळे तो सर्वांना खुला आहे आणि म्हणूनच तेथे गर्दीही आहे. ब्लूटूथ उपकरणे, तारविरहित माऊस आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचे कार्यही याच पट्ट्यात चालते. या पट्ट्यातील वाहिन्यांची मध्ये परस्परांपासून केवळ ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत, तर प्रत्येक वाहिनीला सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंदी लागते. त्यामुळे शेजारच्या वाहिन्या एकमेकींवर पसरतात. १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकत्र वापरल्यास परस्परांच्या आड येत नाहीत. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या अधिक व गर्दी कमी असते. परंतु भिंती ओलांडताना त्या लहरी अधिक क्षीण होतात. जुन्या दगडी इमारतींत हा फरक विशेष जाणवतो.

संकेताची शक्ती वाचतानाही सावधगिरी हवी. ती डीबीएम या एककात मोजतात. या मापनात १० एककांची घट म्हणजे शक्ती एक-दशांश होणे. विंडोज प्रणाली उणे ५० डीबीएमला १०० टक्के आणि उणे १०० डीबीएमला शून्य टक्के मानून मधली पातळी सम प्रमाणात दाखविते. म्हणजे ६० टक्के हा आकडा उणे ७० डीबीएमचा असतो, आणि तेथे १०० टक्क्यांच्या पातळीवरील शक्तीचा केवळ शंभरावा भाग पोचत असतो. 'साठ टक्के म्हणजे निम्म्याहून अधिक' हा समज त्यामुळे फसवा ठरतो. शिवाय शक्ती पुरेशी असली, तरी भोवतालचा रेडिओ-गोंगाट वाढल्यास संदेश वाचता येत नाही. वर्गात शिक्षकाचा आवाज मोठा असूनही बाहेरच्या वरातीमुळे शब्द कळू नयेत, तसे हे असते.

४. दोषस्थान-निश्चितीच्या पायऱ्या

(अ) तुलना : जोडणी तुटताच त्याच जागी, त्याच जाळ्यावर असलेला दुसरा संगणक किंवा भ्रमणध्वनी पाहावा. भ्रमणध्वनी वापरताना त्यातील मोबाईल डेटा बंद ठेवावा, अन्यथा निष्कर्ष चुकेल. सर्व उपकरणे एकाच क्षणी अडली, तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे असण्याची शक्यता अधिक. एकच संगणक अडला, तर दोष त्या संगणकात किंवा त्याच्या निकटच्या परिसरात शोधावा.

(आ) दुहेरी पिंग : विंडोजमधील कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा रोमन लिपीत दिली, की 'डिफॉल्ट गेटवे' या शब्दांपुढे राउटरचा पत्ता दिसतो, घरगुती राउटरमध्ये तो अनेकदा १९२.१६८.१.१ असा असतो. आता दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत राउटरच्या पत्त्याला आणि दुसरीत ८.८.८.८ यासारख्या बाहेरील पत्त्याला 'पिंग' करावे. पत्त्यापुढे एक जागा सोडून आडवी रेघ व टी हे रोमन अक्षर लिहिल्यास पिंग आपण थांबवेपर्यंत चालू राहते. जोडणी तुटण्याच्या क्षणी दोन्ही खिडक्या पाहाव्यात. राउटरची उत्तरेच थांबली, तर पहिला किंवा दुसरा दुवा सदोष आहे. राउटरची उत्तरे नियमित असून केवळ बाहेरची उत्तरे थांबली, तर दोष तिसऱ्या दुव्यात आहे. दोन्हीकडून उत्तरे येत असूनही संकेतस्थळे नावाने उघडत नसतील, तर नामसेवा तपासावी. काही संस्थांच्या जाळ्यांत पिंगला उत्तर देणे मुद्दाम बंद केलेले असते; म्हणून जोडणी सुरळीत असताना ही चाचणी एकदा करून पाहणे आवश्यक आहे.

(इ) तारेची चाचणी : शक्य असल्यास संगणक केबलने राउटरला जोडावा. केबलवर दोष नाहीसा झाला, तर संशयाचा रोख बिनतारी कार्ड व रेडिओ-दुवा यांच्याकडे वळतो. केबलवरही तो राहिला, तर वायफायशी संबंधित उपाय करण्यात अर्थ नाही.

(ई) नोंदवही : दिनांक, वेळ, कोणती उपकरणे अडली, कोणत्या खिडकीतील उत्तरे थांबली आणि त्या क्षणी आसपास काय चालू होते, असे पाच रकाने पुरेसे आहेत. पाचवा रकाना क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात तोच अनेकदा निर्णायक ठरतो.

(उ) एका वेळी एकच बदल : प्रयोगशाळेतील हा नियम येथेही लागू आहे. ड्रायव्हर, वाहिनी आणि जागा एकदम बदलल्यास दोष जातो, पण तो कशाने गेला हे कळत नाही. आणि तो परतला की शोध पुन्हा आरंभापासून करावा लागतो.

५. एक उदाहरण

प्रस्तुत लेखकाच्या विभागातील एका सहकाऱ्यांचा लॅपटॉप ऑनलाइन उजळणी वर्ग चालू असताना वारंवार जाळ्याबाहेर जाई. उपस्थितीची नोंद स्वयंचलित असल्याने प्रत्येक खंडाचे मिनिट त्यांच्या नावावर अनुपस्थिती म्हणून जमा होत होते. राउटर जुना असल्याने दोष त्याचाच, असे सर्वांचे मत पडले आणि नव्या राउटरचे दरपत्रकही मागविण्यात आले.

खरेदीपूर्वी चार दिवस नोंद ठेवावी, असे ठरले. त्या काळात अकरा वेळा जोडणी तुटली. त्यांपैकी दोन वेळा विभागातील सर्व उपकरणे एकदम अडली. त्या दोन्ही वेळी क्षणभर वीज गेली होती व राउटर नव्याने सुरू झाला होता. उरलेल्या नऊ वेळा केवळ हा एक लॅपटॉप अडला आणि राउटरकडून येणारी उत्तरेच थांबली. संकेताची पातळी मात्र त्या वेळीही ८० टक्क्यांच्या वर होती.

प्रथम डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन, वीज वाचविण्यासाठी बिनतारी कार्ड बंद करण्याची संगणकाला असलेली मुभा काढून घेतली. दोन दिवस वाट पाहिली. फरक पडला नाही. त्यानंतर पाचवा रकाना पुन्हा वाचला, तेव्हा नऊही वेळा लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली होती, हे लक्षात आले. डिस्क काढताच खंड थांबले. ती पुन्हा जोडताच ते परतले. ती डिस्क यूएसबी ३.० प्रकारची होती. या प्रकारच्या जोडणीतून निर्माण होणारा रेडिओ-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्येच एका तांत्रिक निबंधात दाखवून दिले आहे. लॅपटॉप त्याच राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर नेल्यानंतर डिस्क जोडलेली असूनही जोडणी टिकली.

या उदाहरणाचा बोध दुहेरी आहे. एका तक्रारीमागे दोन स्वतंत्र दोष होते. विजेच्या खंडासाठी राउटरला बॅटरीचा आधार देणे पुरेसे होते. आणि नव्या राउटरने यांपैकी एकही दोष निश्चितपणे दूर झाला नसता.

६. महाविद्यालयीन परिसरातील विशेष कारणे

महाविद्यालयात काही कारणे घरापेक्षा वेगळी असतात. पहिले म्हणजे पत्त्यांची टंचाई. राउटर प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी अंकीय पत्ता देतो. लहान जाळ्याच्या प्रचलित रचनेत असे २५४ पत्ते उपलब्ध असतात व त्यांतील एक राउटरकडेच राहतो. सकाळच्या सत्रातील विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनींनी ते अडवून ठेवले, तर दुपारी आलेल्या प्राध्यापकांच्या संगणकाला पत्ता मिळत नाही. अशा वेळी संगणक स्वतःच १६९.२५४ या अंकांनी आरंभ होणारा पत्ता धारण करतो. 'आयपीकॉन्फिग'मध्ये हे अंक दिसले, तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, हे ओळखावे. टंचाई हे कारण असल्यास पत्त्यांची मुदत कमी करणे किंवा त्यांची संख्या वाढविणे हा उपाय आहे.

दुसरे कारण म्हणजे दूरच्या केंद्राला चिकटून राहणे. ग्रंथालयात जोडलेला लॅपटॉप विभागात आणल्यावरही ग्रंथालयातील क्षीण संकेत धरून ठेवतो. वायफाय एकदा बंद करून सुरू केल्यास तो बहुधा जवळचे केंद्र निवडतो. तिसरे कारण म्हणजे प्रवेश-पानाची मुदत. सांकेतिक शब्द देऊन मिळविलेला प्रवेश ठरावीक काळाने संपत असेल, तर खंड नियमित अंतराने पडतात. नोंदवहीतील वेळांची समान अंतरे ही त्याची खूण होय.

७. निष्कर्ष

१. बिनतारी जोडणीची अस्थिरता हा एक दोष नसून अनेक दोषांचे समान लक्षण आहे. म्हणून दोषस्थान ठरविण्यापूर्वी केलेला उपाय हा केवळ तर्क ठरतो.

२. दुसऱ्या उपकरणाशी तुलना, दुहेरी पिंग आणि केबल या तीन चाचण्या चार दुव्यांपैकी सदोष दुवा दाखविण्यास बहुधा पुरेशा असतात.

३. संकेताची पातळी आणि जोडणीची गुणवत्ता या भिन्न गोष्टी आहेत.

४. वेळेसह ठेवलेली नोंद सेवादात्याकडे किंवा संस्थेकडे तक्रार करताना पुरावा ठरते. 'नेट चालत नाही' या वाक्यापेक्षा 'राउटरची उत्तरे नियमित असताना बाहेरची उत्तरे अमुक वेळी थांबली' हे वाक्य अधिक लवकर ऐकले जाते.

अखेरचा मुद्दा अध्यापनाशी निगडित आहे. जोडणी तुटल्याने विद्यार्थी गप्प झाला, की तो निरुत्तर झाला, यांतील भेद ओळखण्याची जबाबदारी परीक्षकाची आहे. परीक्षेपूर्वी पाच मिनिटे दोन्ही बाजूंची जोडणी तपासणे आणि खंड पडल्यास प्रश्न पुन्हा विचारणे, एवढी सोय केली तरी यंत्राच्या दोषाची शिक्षा विद्यार्थ्याला होणार नाही.