दूरवैद्यक : तारेवरून काय जाते?

वरवंड हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. पुण्याहून साठएक किलोमीटर. तेथील रोग्याला पुण्याच्या तज्ज्ञाकडे न्यायचे, तर सोबत घरातला आणखी एक जण निघतो आणि दोघांची दिवसाची मजुरी बुडते. उसाच्या हंगामात तोडणीला आलेल्या कुटुंबाला असा दिवस फारच महाग पडतो. डॉक्टरची फी आम्ही यात धरलेली नाही. दूरवैद्यकात रोगी आणि तज्ज्ञ आपापल्या जागी राहतात. प्रवास करते ती माहिती.

कल्पना जुनी आहे. हृदयाचा विद्युत-आलेख काढणारे यंत्र आइन्थोव्हेन यांनी हॉलंडमधील लायडेन येथे घडवले. ते इतके अवजड होते, की ते रोग्याजवळ नेणे अशक्यच! म्हणून १९०५ साली त्यांनी रुग्णालयातील रोग्याच्या हृदयाचे संकेत टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर दूर आपल्या प्रयोगशाळेत आणले.

आज हे काम किती हलके झाले आहे, ते वर्गात गुणाकाराने दाखवता येईल. आलेखाच्या रेषा १२. प्रत्येकीच्या सेकंदाला ५०० नोंदी धरू. एक नोंद २ बाइटची. वेळ १० सेकंद. उत्तर येते १,२०,००० बाइट. मोबाइलवर काढलेला फोटोदेखील बहुधा याहून मोठा असतो. छातीत कळ आलेल्या माणसाचा आलेख तज्ज्ञाने लगेच पाहिला, तर रोग्याला थेट योग्य रुग्णालयात हलवता येते. झटक्यात हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो; म्हणून वाचलेला हा वेळ आम्हाला वाचलेल्या मजुरीहून मोठा वाटतो.

केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. आरोग्य केंद्रातील कर्मचारी रोग्याची दूरच्या डॉक्टरशी पडद्यावर गाठ घालून देतात. एप्रिल २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात, घरूनही सल्ला घेता येऊ लागला. मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरला गरज वाटल्यास तो प्रत्यक्ष तपासणीचा आग्रह धरू शकतो; अमली औषधे मात्र अशा रीतीने लिहून देता येत नाहीत.

पोट मऊ आहे की कडक, हे तारेवरून कळत नाही; त्याला हातच लागतो. आलेखाचेही तसेच. डाव्या-उजव्या हाताच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली, की पहिली रेषा उलटी उमटते आणि पुण्यातला तज्ज्ञ बुचकळ्यात पडतो. त्या पट्ट्या नीट लावणारी परिचारिका गावातच असावी लागते.