एका कांद्याचा जमाखर्च

वाशीच्या बाजार समितीच्या आवारापासून हाकेच्या अंतरावर ज्याने तीस वर्षे संसार केला, त्याला फळाचा आणि भाजीचा भाव कोणी सांगावा लागत नाही. माघ महिना लागला की फळबाजारातील गाळ्यांपुढे नाशिकच्या आणि सांगलीच्या द्राक्षपेट्यांच्या चळती चढतात, पलीकडच्या कांदा-बटाटा बाजारात लासलगाव-पिंपळगावच्या बाजूने आलेल्या रांगड्या कांद्याच्या गोण्या माथाडी कामगार पाठीवरून उतरवू लागतात, आणि सकाळी फिरावयास गेलेला माणूस घरी परतेपर्यंत त्या दिवसाचा बाजारभाव त्याच्या कानांवर आपोआप पडलेला असतो. म्हणूनच आमच्या विवाहाच्या चाळिसाव्या वाढदिवशी मुलीने नाशिकच्या द्राक्षमळ्यांतील एका रेस्टॉरंटमध्ये आम्हा उभयतांसाठी सात कोर्सच्या जेवणाचे टेबल राखून ठेवले आणि त्याचा खर्च १०,००० रुपयांच्या घरात जाणार असल्याचे मला कळले, तेव्हा माझे मन प्रथम हिशेबाकडे वळले. पैसे मुलगी देणार होती. परंतु ते कोणाच्याही खिशातून गेले तरी सार्थकी लागतात की नाही, हा प्रश्न काही मिटत नाही.

मी हा प्रश्न पत्नीपुढे मांडला. ती म्हणाली, "अहो, जेवण महाग की रास्त, ते जेवल्यावर कळेलच. पण ते करतात कसं, हे बघू देतील का, तेवढं विचारून घ्या." मी फोन करून विचारले. मुख्य शेफने मोठ्या अगत्याने सांगितले, की जेवण एक वाजता असले तरी दहालाच या. महागड्या भोजनाचे मोल पानावर बसून करण्यापूर्वी ते त्याच्या श्रमाशेजारी उभे राहून करावे, ही दृष्टी मला पत्नीकडून मिळाली, आणि पुढील सर्व लेखन त्याच दृष्टीने केलेले आहे.

जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा की नाही, हा विचार जगात नवा नव्हे. मिशेलिन या टायर बनविणाऱ्या फ्रेंच कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी एक मार्गदर्शिका काढली. १९२६ पासून तीत उत्तम भोजनगृहांपुढे तारा छापण्यास प्रारंभ झाला. आणि पुढे श्रेणी ठरल्या तेव्हा एका ताऱ्याचा अर्थ आपल्या प्रकारात फार चांगले, दोहोंचा वाट वाकडी करून जाण्याजोगे, आणि तिहींचा खास तेवढ्यासाठीच प्रवास करण्याजोगे, असा निश्चित झाला. भारतातील भोजनगृहांना ही मार्गदर्शिका अद्याप तारे देत नाही, त्यामुळे येथे निवाडा ज्याचा त्यानेच करावा लागतो.

आम्ही पहाटे निघालो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून नवी मुंबईकराला कसारा घाटाची वळणे टाळता येतात. डोंगराच्या पोटातील लांबलचक बोगद्यातून बाहेर पडले की कोकणातील दमट हवा मागे राहून घाटमाथ्याचा कोरडा गारवा अंगाला लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरचा हा मुलूख, दिवसा कडक ऊन आणि रात्री थंडी, हेच येथील वाइनच्या द्राक्षाचे भांडवल आहे. महाराष्ट्रात या उद्योगाचा पाया श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावी घातला. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी आपल्या वडिलार्जित जमिनीत १९९७ साली वाइनच्या जातींची लागवड केली आणि २००० साली सुला या नावाने पहिली वाइन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून अबकारी करात सवलत दिली आणि विंचूर येथे वाइन पार्कची तजवीज केली. पुढे मळ्यांत पाहुण्यांसाठी वाइन चाखण्याच्या खोल्या उघडल्या, त्यांच्यामागून मुक्कामाची सोय आली, आणि पाहुणा मुक्कामाला राहिला की त्याला जेवू घालणे ओघानेच आले.

गंगापूर धरणाच्या जलाशयाजवळच्या त्या मळ्यात आम्ही पोहोचलो तेव्हा तोडणी आटोपत आली होती. उन्हाने घड तापण्यापूर्वी ते टाकीपर्यंत पोहोचावेत म्हणून तोडणारी माणसे अंधारातच कामाला लागतात. वाशीच्या बाजारात येणारे द्राक्ष लांबट, टपोरे, पातळ सालीचे आणि बिनबियांचे. येथील घड मात्र मुठीत मावेल एवढा, मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया. बाजारात ज्याला कोणी हात लावणार नाही तेच येथे अनमोल, कारण वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून व बियांतून येतो. वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, अशा वर्षातून दोन छाटण्या होतात, आणि किलोभराहून अधिक द्राक्षे गाळली जातात तेव्हा ७५० मिलिलिटरची एक बाटली भरते.

आतील शेडमध्ये पोलादी टाक्यांच्या बाहेरून थंड पाणी खेळविलेले होते. पांढऱ्या वाइनचा रस असा थंड ठेवून दोन-तीन आठवडे सावकाश आंबवितात, कारण आंबण्याची उष्णता वाढली तर फळाचा गंध उडून जातो. एका टाकीच्या झाकणावरील नळीतून वायूचे बुडबुडे पाण्यात एकसारखे फुटत होते. तेथील कामगाराने त्यांवरून आंबण्याची गती कशी ओळखतात ते आम्हाला दाखविले. पत्नी मद्य घेत नाही. तिच्यासाठी त्याने नुकत्याच गाळलेल्या शेनिन ब्लां या जातीच्या रसाचा अर्धा पेला भरून दिला. तो चाखून ती म्हणाली, "ह्याच्यापुढे बाजारातला ज्यूस नुसतं साखरेचं पाणी वाटेल." त्या रसाची गोडी खरोखरच गडद होती आणि तिच्या पाठोपाठ येणाऱ्या आंबटपणाने जीभ स्वच्छ होत होती.

स्वयंपाकघरात मात्र आम्ही ज्यासमोर सर्वाधिक वेळ उभे राहिलो तो पदार्थ कांद्याचा होता. सात कोर्सच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर नुसता 'रांगडा कांदा' एवढाच उल्लेख होता, आणि मनातल्या मनात मी त्याच्यावरच प्रथम फुली मारली होती. ज्याच्या गोण्या मी रोज पाहतो, ज्याचा एक नग चहाच्या कपाहूनही स्वस्त, त्यासाठी एवढा प्रवास कशाला करावा?

शेफ निफाडकडचा, तिशीतला तरुण. "काका, हा कांदा आमच्याच शिवारातला आहे," असे म्हणत त्याने विटांच्या भट्टीचे तोंड उघडले. आत ऑक्टोबरच्या छाटणीतल्या वाळलेल्या द्राक्षकाड्यांचे निखारे होते, आणि त्यांच्या राखेत सालीसकट कांदे पुरलेले होते. ते सकाळी सातला पुरले होते. कांदा चिरला म्हणजे त्याच्या पेशी फुटतात, त्यांतील द्रव्ये एकमेकांत मिसळतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा तिखटपणा निर्माण होतो; परंतु कांदा अखंड भाजला तर ती क्रिया घडविणारे द्रव्य उष्णतेने आधीच निकामी होते आणि मागे राहते ती केवळ गोडी. त्याने हे शास्त्र साध्या शब्दांत सांगितले आणि एक कांदा चिमट्याने बाहेर काढला. त्याची बाहेरची सालपटे कोळशासारखी काळी झाली होती. ती बोटांनी अलगद सोलताच आतून एकेक पदर ओल्या रेशमासारखा सुटू लागला. ओघळलेला रस त्याने वाया जाऊ दिला नाही. तो एका लहान पातेल्यात घेऊन, त्यात वाइन घालून, मंद आंचेवर बोटाला चिकटेल इतका आटविला. प्रत्येक पदरात शेळीच्या दुधाचे चीज भरून तो पदर मिटावयाचा, वर आटीव रस, आणि शेजारी नागलीची तळहाताएवढी खरपूस भाकरी. हे करणारी मुलगी एका कांद्यासाठी सुमारे सहा मिनिटे देत होती. त्या दुपारी अठ्ठावीस पाहुणे होते, आणि स्वयंपाकघरात मी अकरा माणसे मोजली. माझ्या हिशेबाचा पहिला आकडा मला तेथे मिळाला: आपण पैसे कांद्याचे देत नसून त्या सहा मिनिटांचे आणि पहाटेपासून राखलेल्या निखाऱ्यांचे देतो.

एक वाजता आम्ही पानावर बसलो. तत्पूर्वी मला मद्यप्राशनाचा एक दिवसाचा परवाना घ्यावा लागला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये तो आजही आवश्यक आहे. कांद्याबरोबर आली ती शेनिन ब्लां, म्हणजे पत्नीने सकाळी जो रस चाखला त्याच जातीची, किंचित गोडसर वाइन. पदार्थाची गोडी आणि वाइनची गोडी एका पातळीवर आली आणि चीजचा खारटपणा दोघींच्या मध्ये उभा राहिला. पुढे काळ्या मसाल्याचे मटण आले, तेव्हा शिराझ या तांबड्या वाइनची परीक्षा झाली. तिखट पदार्थाशी तुरट वाइन सहसा जुळत नाही; तुरटपणा लाळेतील प्रथिनांना बांधून तोंड कोरडे करतो आणि मद्याने तिखटाची आग वाढते. येथे मिरची कमी करून खोबरे, दगडफूल आणि भाजलेला कांदा यांवर मसाला तोलला होता, त्यामुळे दोन्ही चवी नांदल्या. घरचा काळा मसाला चाळीस वर्षे कुटणाऱ्या माझ्या पत्नीने त्यास मान हलवून पसंती दिली.

सर्वच पदार्थांविषयी असे म्हणता येणार नाही. चौथ्या क्रमांकाला दूरदेशाहून गोठवून आणलेला मासा होता. तो चांगला शिजविलेला होता, पण त्याचा त्या मातीशी काही संबंध नव्हता, आणि तो मुंबईच्या कोणत्याही मोठ्या हॉटेलात तसाच मिळाला असता. गोड पदार्थात परदेशी चॉकलेट होते. त्याचीही तीच गत. परतीच्या वाटेवर पत्नीने जी कसोटी सांगितली ती मला फार मोलाची वाटते: "हाच पदार्थ वाशीत बसून खाल्ला असता तर असाच लागला असता का?" या कसोटीवर सातांपैकी पाच पदार्थ उतरले आणि दोन पडले.

बिल मी ओळीने वाचले, आणि प्रत्येकाने ते तसे वाचावे असे मला वाटते. अन्नावर जीएसटी लागतो. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असल्यामुळे वाइनवर राज्याचा व्हॅट निराळा लागतो, आणि तो नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झालेला आहे. सेवाशुल्क ऐच्छिक असते. ते सक्तीने आकारता येत नाही, यावर मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही शिक्कामोर्तब केले आहे. आमच्या बिलात ते नव्हते. आम्ही आपखुशीने स्वयंपाकघरासाठी काही रक्कम ठेवली. माझ्यापुढे प्रत्येक कोर्ससोबत वाइनचा पेला आला, पत्नीपुढे एकही नाही, आणि बिलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या पेल्यांचाच निघाला. मद्य न घेणाऱ्याने अशा ठिकाणी जाऊ नये असे मात्र नाही. त्याने टेबल राखतानाच वाइनविरहित दर विचारून घ्यावा.

आता निवाडा. आम्हाला ते जेवण मोलाचे वाटले, आणि जन्मात एकदा नव्हे तर काही वर्षांनी पुन्हा जावे इतके वाटले. परंतु ते सकाळी दहाला गेलो म्हणून. एकलाच पोहोचलो असतो तर माझ्या लेखी तो कांदा महागच ठरला असता. तेव्हा वाचकांपैकी ज्यांना असे टेबल राखावयाचे असेल त्यांनी जानेवारी ते मार्च या तोडणीच्या दिवसांत, शक्यतो आडवारी जावे. पदार्थांची यादी आधी मागवून तीत त्या जिल्ह्याचे किती आहे ते मोजावे. आणि स्वयंपाकघर पाहू द्याल का, असे विचारावे. जे आनंदाने दाखवितात त्यांच्याकडे पैसे निःशंक मनाने द्यावेत. जे टाळाटाळ करतात त्यांच्याकडचे टेबल सोडून द्यावे, नाशिक गावात चुलीवरची मिसळ खावी, आणि येताना तिथल्याच एखाद्या शेतकऱ्याकडून रांगडा कांदा घेऊन यावे. शेगडीवर जाळी ठेवून तो सालीसकट, पुरता मऊ होईतो भाजता येतो. गेल्या रविवारी आम्ही भाजला, आणि तो उत्तम झाला.