काठावरचे प्रश्न (लेखांक ५) : मासा किती वाजता लागतो?

फ्लाय फिशिंग शिकू पाहणाऱ्याचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. कोणती फ्लाय बांधायची आणि किती वाजता जायचे? फ्लायला स्वतःचे वजन जवळजवळ नसते, ती दोरीच्या वजनावर लांब जाते, हे मागच्या लेखांकांत आले. पिसे आणि धागे गुंडाळून कोणत्या किड्याचे सोंग आणायचे, तेही पाहिले. राहिला वेळेचा प्रश्न. त्याला सगळीकडे एकच उत्तर मिळते : भल्या पहाटे, नाहीतर तिन्हीसांजेला. हे उत्तर खोटे नाही, पण ते सरसकट लागू करता येत नाही, आणि ट्राउटच्या नदीवर हंगामाच्या सुरुवातीला तर ते हमखास दगा देते. घड्याळाआधी पाण्याचे तापमान विचारावे, मग किडे पाहावेत, मग उजेड. वेळ यातून आपोआप निघते.

तापमानाला पहिला मान देण्याचे कारण माशाच्या शरीरातच आहे. मासा थंड रक्ताचा, म्हणजे पाणी जितके गार तितकेच त्याचे अंग गार. चार-पाच अंशांच्या पाण्यात ट्राउटचे पचन इतके मंदावते की त्याला खाण्याची निकड राहत नाही. तो तळाशी, संथ धारेत पडून असतो आणि तोंडासमोर आलेला घासही सोडून देतो. साधारण १० ते १६ अंश सेल्सियसच्या दरम्यान तो खऱ्या अर्थाने चरतो. त्याच्यावर पाणी चढू लागले की उलटी अडचण सुरू होते. १० अंशांच्या पाण्यात प्रति लिटर सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांच्या पाण्यात सुमारे ९.१. म्हणजे शरीराची प्राणवायूची गरज वाढते नेमकी तेव्हाच पुरवठा घटतो. अशा वेळी मासा भुकेला असला तरी धावपळ त्याला परवडत नाही.

आता हे गणित कुलूच्या तीर्थन नदीवर लावून पाहू. हिमाचलात ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते आणि मार्चमध्ये हंगाम उघडतो. मार्चच्या पहाटे पाणी दिवसभरातले सर्वांत गार असते, त्यामुळे अंधारात उठून काठावर पोचलेल्या माणसाला बहुधा कुडकुडण्यापलीकडे काही मिळत नाही. दहा-अकरानंतर ऊन पात्रात उतरते, पाणी दोन-तीन अंशांनी चढते, दगडांखालचे किडे हलू लागतात, आणि भर दुपारी मासा खायला निघतो. त्याच नदीच्या खालच्या, उघड्या टप्प्यात उन्हाळ्याच्या ऐन भरात पहाट सरस ठरते, कारण रात्रभर निवलेले पाणी तेव्हाच सोसण्याजोगे असते. पहाट आणि सांज यांचा उजेड जवळपास सारखाच. मासा केवळ उजेडावर चालत असता तर दोन्ही वेळा बाराही महिने सारख्याच फळल्या असत्या. तसे होत नाही, कारण सांजेचे पाणी दिवसभर तापलेले असते आणि पहाटेचे रात्रभर निवलेले.

यावर कोणी म्हणेल, मग महिन्यागणिक एक वेळापत्रक करून द्या. तेही जमणार नाही, कारण नदीनदीचे पाणी निराळे. काश्मीरमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून ब्राउन ट्राउट रुजला. तिथली लिद्दर नदी कोलाहोई हिमनदीच्या वितळीवर चालते. मे-जूनमध्ये दुपारच्या उन्हाने बर्फ वितळते, पाणी चढते, गढूळ होते. माशाला फ्लाय दिसेनाशी होते, म्हणून तिथे सकाळचे निवळ पाणी गाठावे लागते. त्याच अनंतनाग जिल्ह्यात कोकरनागचे पाणी झऱ्याचे, त्याला हे दुपारचे गढूळपण ठाऊक नाही. एका जिल्ह्यात, एकाच तारखेला दोन उत्तरे!

झऱ्याच्या पाण्याचा सर्वांत अभ्यासलेला नमुना म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट आणि इचेन या नद्या. त्यांचे पाणी खडूच्या खडकात मुरून वर येते, उगमापाशी वर्षभर साधारण १०-११ अंश. म्हणजे इथे तापमानाची अडचण बरीचशी मिटलेली, आणि त्यामुळेच किड्यांचा प्रभाव स्वच्छ दिसतो. वसंताच्या सुरुवातीला ऑलिव्ह जातीचे किडे दुपारी, दिवसाच्या उबदार तासांत पाण्यावर येतात. मेअखेर मोठी मेफ्लाय बाहेर पडते, तेव्हा ट्राउट इतका बेसावध होतो की त्या पंधरवड्याला तिथले लोक थट्टेने अडाण्यांचा पंधरवडा म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये खरी धांदल सांजेची. याच नद्यांकडे पाहून फ्रेडरिक हॅल्फर्डने १८८६ मध्ये तरंगत्या फ्लायवर ग्रंथ लिहिला आणि मासा वर तोंड काढेपर्यंत थांबण्याचा शिष्टाचार घालून दिला. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० मध्ये त्याला उत्तर दिले : किडा बाहेर पडण्याआधी निम्फ अवस्थेत पाण्याखाली असतो आणि मासा त्याला तिथेच खातो. मला स्क्यूजची बाजू पटते. पृष्ठभागावर शांतता आहे म्हणून मासा उपाशी बसला आहे असे मानणाऱ्या शिकाऊ माणसाचा निम्मा दिवस वाया जातो.

उजेडाचे महत्त्व मी नाकारत नाही. माशाला पापणी नसते, आणि त्याला बाहेरचे जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या गोल झरोक्यातून दिसते. कमी उजेडात त्याला भक्षकाची भीती कमी वाटते आणि तो उथळ पाण्यात येतो. ढगाळ दिवस म्हणूनच चांगला. मात्र ढग आले की लोक हवेच्या दाबाचे नाव घेतात, ते तपासून पाहावे. एक सेंटिमीटर पाण्याचा दाब जवळपास एक हेक्टोपास्कल. म्हणजे तळाकडून तीस सेंटिमीटर वर आलेला मासा क्षणात जितका दाबफरक सोसतो, तितका एखाद्या वादळी दिवसातही क्वचितच होतो. शिवाय ट्राउटचा वाताशय अन्ननलिकेला जोडलेला असल्याने त्याला आतली हवा सोडता येते. दाब उतरताना मासा लागतो तो बहुधा सोबत आलेल्या ढगांमुळे आणि गारव्यामुळे.

चंद्राचे पाठीराखे आणखी चिवट. जॉन ऑल्डन नाइट या अमेरिकनाने १९२६ पासून चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून मासा खाण्याच्या वेळा मांडायला घेतल्या, आणि तशी कोष्टके आजही खपतात. कोकणातला कोळी तिथी पाहून जाळे टाकतो, ते मात्र अगदी रास्त. उधाण आणि भांग यांनी खाडीतले पाणी खरोखर चढते-उतरते, आणि मासा त्या पाण्याबरोबर हलतो. डोंगरातल्या नदीला भरती नाही. तिथे चंद्राचा उपयोग फार तर रात्रीच्या उजेडापुरता.

तेव्हा शिकाऊ माणसाने खिशात साधा पाण्याचा थर्मामीटर ठेवावा आणि पोचल्यावर धारेच्या सावलीतल्या पाण्यात दोन मिनिटे धरावा. सात अंशांखाली असेल तर जड निम्फ तळालगत, संथ वाहू द्यावी आणि दुपारची वाट पाहावी. दहाच्या वर असेल तर काठाचा एखादा दगड उलटून किडे पाहावेत, मग फ्लाय निवडावी. पारा २० अंशांवर असेल तर दोरी गुंडाळून परत फिरावे. अशा पाण्यात झुंजून दमलेला ट्राउट सोडून दिला तरी बऱ्याचदा पुढे मरतो. निम्फ तळालगत नेमकी कशी वाहू द्यायची, ते पुढच्या आठवड्यात.