आधी सिलॅबस, मग सराव?

पुण्यात सदाशिव पेठेच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं दिवसदिवस बसून असतात. ओळींवर हायलायटर फिरलेला, भिंतीवर वेळापत्रक, फोनमध्ये टॉपर्सच्या मुलाखती. कष्टात कसूर नसते. पण सराव उत्तरपत्रिका लिहायची म्हटली की ‘आधी सिलॅबस संपवू’ म्हणत ती मागे पडते. असं का होतं, ते एका प्रयोगातून चांगलं उलगडतं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो 2006 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चारही सत्रं तो वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर न ठेवता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना 83 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 71. आठवड्याने वाचणारे 40 टक्क्यांवर घसरले, लिहिणारे 61 वर राहिले. मला याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. ‘आठवड्याने किती आठवेल?’ असं आधीच विचारलं होतं, आणि जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

ओळखीचा मजकूर डोळ्यांखालून सरसर जातो. ती सहजता मनाला ‘हे येतंय’ अशी वाटते. आठवून लिहिताना पेन अडतं. अडलेलं शोधून काढण्याच्या खटपटीतच आठवण पक्की होते, आणि काय येत नाही हेही तिथेच कळतं. वाचन वाया जातं असं अजिबात नाही. दुसऱ्या गटानेही आधी वाचलंच होतं.

स्वतःला घडवण्याच्या नावाखाली आपण करतो ती बरीच कामं वाचणाऱ्या गटासारखी असतात. प्रेरणादायी पुस्तक किंवा नवं वेळापत्रक आपल्याला कधी नापास करत नाही. कृतीत मात्र चुकायला जागा असते.

तिथवर पोचायला मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली साधी रीत कामी येते: कधी, कुठे, काय करायचं हे आधीच पक्कं करणं. ‘रोज सराव करीन’ हे मोघम झालं. ‘रात्री जेवून अभ्यासिकेत परतलो की पुस्तक उघडण्याआधी सकाळच्या प्रकरणावर एक पान लिहायचं’ असं ठरवा. मग पुस्तक उघडून सुटलेले मुद्दे लाल पेनाने समासात लिहा आणि उद्याचा अभ्यास त्या मुद्द्यांपासून सुरू करा.