पवनचक्कीचा पाया: माळावरचा आणि समुद्रातला

धाराशिव जिल्ह्यातील वाशी, भूम, कळंब या भागातून जाताना बालाघाटाच्या माळावर पवनचक्क्या दिसतात. पाहणाऱ्याची नजर पात्यांवर खिळते, अभियंत्याचा जीव मात्र जमिनीखाली अडकलेला असतो. पवनचक्कीला स्वतःच्या वजनाने खचण्यापेक्षा वाऱ्याच्या रेट्याने कलंडण्याचा धोका मोठा. शंभर मीटर उंचीवर वारा पात्यांना मागे रेटतो आणि एवढ्या लांब तरफेचा सगळा जोर पायावर येतो. वारा दिशा बदलतो तशी पायाची दाबली जाणारी कडही बदलते.

धाराशिवच्या माळावर याला उत्तर आहे वजनाचे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर एवढा भार टाकता येत नाही. म्हणून ती काढून घट्ट मुरूम किंवा काळा पाषाण लागेपर्यंत खोदायचे, सळयांचे जाळे बांधायचे आणि साधारण 20 मीटर व्यासाची काँक्रीटची गोल बैठक ओतायची. मनोरा तिच्या मधोमध बोल्टांनी जखडला जातो. वरून पुन्हा माती भरून दाबतात, कारण तिचे वजनही पवनचक्कीला धरून ठेवते.

समुद्रात काय करायचे?

हीच पवनचक्की समुद्रात उभारायची तर वाऱ्याच्या जोडीला लाटा येतात आणि तळाशी बहुतेक ठिकाणी गाळ किंवा वाळू असते. रुळलेला मार्ग म्हणजे पोलादी खांब ठोकणे. 1974 मध्ये तेल सापडलेल्या मुंबई हायचे प्लॅटफॉर्मही तळात खोल ठोकलेल्या अशाच खांबांवर उभे आहेत. पण त्यासाठी अजस्र हातोडा लागतो आणि त्याचा आवाज पाण्यात दूरवर जाऊन सागरी सस्तन प्राण्यांना इजा करतो.

दुसरा मार्ग आहे ‘सक्शन केसन’चा. पालथी घातलेली प्रचंड पोलादी बादली म्हणजे हा पाया: वर बंद झाकण, खाली उघडे तोंड. ती तळावर टेकवली की स्वतःच्या वजनाने थोडी रुतते आणि काठाभोवती चिखल किंवा वाळू घट्ट बसते. मग झाकणावरचा पंप आतले पाणी उपसू लागतो. आतला दाब घटतो, बाहेरचा तसाच राहतो आणि समुद्रच झाकणाला खाली ढकलतो. 8 मीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस मीटर भरते. आतबाहेरच्या दाबात एका वातावरणाएवढा फरक पडला, तर त्यावर जवळपास 500 टनांचा भार येतो, तोही हातोड्याचा एकही घाव न घालता.

वाळूत आणखी एक गोष्ट घडते. बाहेरचे पाणी काठाखालून झिरपत आत वर चढते, टोकाजवळचे कण सैल होतात आणि पोलाद सहज उतरते. पण पंप जास्त जोरात चालवला तर आतली वाळू उकळल्यासारखी होते, पाण्याला वाट फुटते आणि दाबातला फरक नाहीसा होतो. म्हणून दाब आणि कल यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. तीन पायांच्या सांगाड्यात प्रत्येक पायाखालच्या बादलीचा पंप वेगळा चालवून सांगाडा समतल करतात.

वाऱ्याने एक पाय दाबला की दुसरा उपसला जाऊ पाहतो. तेव्हा भिंतीचे घर्षण त्याला धरते आणि झाकणाखाली क्षणभर निर्माण होणारे शोषणही मदतीला येते. झटका थोडा वेळ टिकला तर हे शोषण भक्कम असते. ओढ लांबली तर वाळूतून पाणी आत शिरते आणि शोषण ओसरते. खडक किंवा मोठे धोंडे असतील तिथे मात्र ही बादली रुततच नाही. माळावरच्या पाषाणात तिचा उपयोग नाही तो यामुळेच.

उत्तर समुद्रात 1994 मध्ये ‘ड्रॉप्नर ई’ हा प्लॅटफॉर्म अशा बादल्यांवर उभा राहिला. 1 जानेवारी 1995 रोजी तिथे 25.6 मीटर उंचीची लाट नोंदली गेली आणि पाया टिकला. 2002 मध्ये डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सहावनला एकाच बादलीवर पवनचक्की उभारली. 2023 मध्ये पूर्ण झालेल्या स्कॉटलंडच्या ‘सीग्रीन’ प्रकल्पात 114 पवनचक्क्या तीन बादल्यांच्या सांगाड्यांवर आहेत. भारतात जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली. तिथे कोणता पाया घालायचा, हे तळाची माती तपासूनच ठरवावे लागेल.

काढायचा कोणी?

या बादलीचा सर्वांत मोठा गुण शेवटी दिसतो. पवनचक्कीचे आयुष्य साधारण 20 ते 25 वर्षांचे. ते संपल्यावर पंप उलटा चालवून आत पाणी भरले की पाया वर येऊ लागतो. माळावरच्या काँक्रीटचे तसे नाही. एका बैठकीत 400 घनमीटर काँक्रीट धरले तरी वजन हजार टनांच्या घरात जाते. ते फोडायला यंत्रे लागतात, न्यायला गाड्या लागतात आणि टाकायला जागा लागते.

जमीन देताना भाड्याची आणि मोबदल्याची बोलणी होतात. ती व्हायलाच हवीत. त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी असाव्यात: पाया किती खोलीपर्यंत काढणार, खर्च कोण देणार आणि तो पैसा पहिल्या वर्षापासून वेगळा ठेवणार की नाही. समुद्रातला पाया काढण्याचा विचार तो रोवण्याआधीच होतो. धाराशिवच्या शेतकऱ्यालाही आपल्या वावरासाठी तो हक्क मिळाला पाहिजे. काळ्या मातीवर पुढच्या पिढीला पेरायचे आहे, म्हणून हे कलम सहीच्या दिवशीच लिहून घ्यावे.