डब्यातील अर्क आणि ताजे जिन्नस

इंग्लंडमध्ये घरोघरी बिअर तयार करणे हे कित्येक शतके भाकरी भाजण्याइतकेच नित्याचे काम होते व ते बहुधा स्त्रियांकडे असे. १८८० च्या कायद्याने माल्टवरील, म्हणजे मोड आणून वाळविलेल्या सातूवरील, कर उठवून तो बिअरवर बसविला. घरगुती बिअरसाठीही परवाना आवश्यक ठरला. हे बंधन अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये दूर केले. परंतु तोवर बहुतेक घरांतून ती विद्या लोपली होती. ही उणीव तयार अर्काच्या डब्याने भरून काढली.

माल्टचा गोड काढा हॉपच्या फुलांबरोबर उकळून, नंतर आटवून त्याचा पाक करतात. तोच या डब्यात असतो आणि झाकणाखाली सुक्या यीस्टची पुडी असते. हा पाक गरम पाण्यात कालवावा, त्यात सुमारे १ किलो साखर घालावी, थंड पाण्याने मिश्रण २३ लिटर करावे आणि वर यीस्ट टाकावे, एवढीच कृती. बिअर तयार होते खरी. पण ती पुष्कळदा पातळ व गंधहीन निघते, आणि करणारा आपल्या हाताला दोष देतो. वस्तुतः जे टिकते तेवढेच डब्यात उरते. जे उडून जाते ते बाहेरून घालावे लागते.

हॉपचेच उदाहरण घ्यावे. हॉपपासून बिअरला कडवटपणा आणि सुगंध असे दोन गुण लाभतात. कडवटपणा देणारी आम्ले दीर्घकाळ उकळल्याने विरघळण्याजोगी होतात व अर्कात टिकतात. सुगंधी तेले मात्र वाफेबरोबर निघून जातात. म्हणून हॉप पुन्हा तासभर उकळल्यास केवळ कडवटपणा वाढेल. आमटी उतरविताना कोथिंबीर घालावी, त्याप्रमाणे गोल्डिंगसारख्या सुवासिक जातीची २५ ते ३० ग्रॅम फुले उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घालावीत. किंवा किण्वनाचा जोर ओसरल्यावर ती बिअरमध्ये काही दिवस भिजत ठेवावीत. येथे ‘ताजी’ म्हणजे वेलीवरून नुकतीच खुडलेली असा अर्थ नव्हे. ओल्या फुलांत पाण्याचा अंश फार असल्याने ती कितीतरी पट अधिक लागतात. नीट वाळवून, हवाबंद करून थंड जागी ठेवलेली हिरवट फुले हीच ताजी होत. तपकिरी पडलेल्या व जुन्या चीजसारखा वास येणाऱ्या फुलांचा उपयोग करू नये.

पातळपणाचे कारण साखरेत आहे. यीस्ट ती पूर्णपणे खाऊन टाकते. त्यामुळे मद्यार्क वाढतो, पण चवीला भरीवपणा येत नाही. साखरेऐवजी तितकीच माल्टच्या अर्काची भुकटी घातल्यास हा दोष बराच कमी होतो. याशिवाय सुमारे २५० ग्रॅम क्रिस्टल माल्ट भरडून, फडक्यात बांधून, ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात अर्धा तास ठेवावे. या माल्टमधील पिष्टाची साखर दाण्यातच झालेली असल्याने केवळ भिजविणे पुरते. दाणे मात्र उकळू नयेत. टरफलांतील तुरटपणा उतरतो. ते काढून घेऊन उरलेले पाणी तेवढे उकळावे.

यीस्ट हा तर सजीव घटक. दुकानाच्या उबेत दीर्घकाळ पडलेल्या पुडीतील बऱ्याच पेशी मृत होतात. किण्वन उशिरा सुरू होते आणि तेवढ्या अवधीत नको असलेल्या जंतूंचे फावते. म्हणून यीस्टची नवी पुडी वापरावी व एल जातीच्या बिअरसाठी तापमान १८ ते २० अंश राखावे. डब्यावरील तारीखही पाहावी, कारण जुना पाक काळवंडतो आणि त्याची चव बिघडते. उकळलेले मिश्रण निवल्यानंतर त्याला लागणारे प्रत्येक भांडे निर्जंतुक असले पाहिजे. अस्वच्छतेवर ताजे जिन्नस हा उपाय नव्हे.

हे सारे बदल एकाच खेपेस करू नयेत. प्रथम साखर, मग हॉप, मग यीस्ट असा एकेक पालट केला म्हणजे कोणत्या जिन्नसाने काय साधले ते जिभेलाच कळते. डब्यावरील सूचना कृती सांगतात, कारण सांगत नाहीत. ते कारण अशा अनुभवानेच हाती येते, आणि परवान्याच्या काळात घरातून गेलेली विद्या काही अंशी घरात परतते.